नागीण नव्हे, पेम्फिगस: लातूर जिल्ह्यातल्या एका सुनेला उत्तर

पत्र

आमच्या आत्याबाईंचं वय ५२, वजन ५० किलो. दसऱ्यापासून त्यांचं तोंड आलेलं होतं. उष्णता म्हणून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तूप, ग्लिसरीन सगळं करून झालं. येळवशीनंतर छातीवर, पाठीवर फोड आले, डोक्यात खपल्या धरल्या. गावात नागीण म्हणाले, काव लावली. शेवटी कातडीचा तुकडा तपासला तर पेम्फिगस व्हल्गारिस निघाला. ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं आणि चार आठवड्यांत नवे फोड थांबले. तेवढ्यात पाहुण्यांनी सांगितलं, ही गोळी किडनी खाते. आत्याबाईंनी मनानेच बंद केली. बारा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त फोड आले. हे लागट आहे का? घरात आठ महिन्यांचं लेकरू आहे. गोळ्या किती दिवस? डॉक्टर आता दुसरा तुकडा काढायचा म्हणतात, तो कशाला? घरी काय काळजी घ्यायची? आणि आत्याबाई विचारतात, ठेचा कधी खाता येईल?
— एक सून, लातूर जिल्हा

उत्तर

ताई, गोळ्या अजून बंदच असतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी उद्या सकाळी त्याच डॉक्टरांकडे जा. फोड वाढलेत हे एक कारण. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे. ते बाहेरून इतके दिवस मिळालं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं जवळपास थांबवतात. गोळी एकदम सोडली की शरीराकडे ना बाहेरचं उरतं, ना घरचं. चक्कर, मळमळ, उलटी, अंगातलं त्राण जाणं, रक्तदाब खाली येणं यातलं काही दिसत असेल तर उद्याची वाट न पाहता आजच न्या आणि गेल्या गेल्या सांगा, "चार आठवडे ५० मिलिग्रॅम घेऊन एकदम बंद केलंय." घरात उरलेल्या गोळ्या अंदाजाने सुरू करू नका. आता किती लागेल ते फोड पाहूनच ठरतं.

पाहुण्यांच्या किडनीबद्दल. लहान मुलांच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की किडनीचे डॉक्टर हेच प्रेडनिसोलोन देतात. किडनीला खरा धोका अंगदुखीसाठी दुकानातून आणून महिनोन् महिने खाल्ल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा असतो, आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही. स्टिरॉइडचे तोटे आहेत, मोठे आहेत, पण वेगळे आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आजार लागट नाही. फोडातलं पाणी हाताला लागून, एका ताटात जेवून, एका वाकळेवर झोपून तो कुणाला होत नाही. फोडात जंतू नसतातच, असतं ते शरीराचंच पाणी. लेकराला त्यांनी मांडीवर घेतलं तर लेकराला काही होणार नाही. भीती उलट्या दिशेने आहे: लेकराला किंवा शेजारच्या पोरांना कांजिण्या, गोवर, ताप-खोकला असेल तर आत्याबाईंना दूर ठेवा, कारण औषधांमुळे त्यांची रोगाशी लढायची ताकद कमी झालेली असते.

आता हे होतं कसं. वाकळ शिवताना लुगड्याचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालतात ना, कातडीचा वरचा थर तसाच पेशींना पेशी टाचून बनलेला असतो. या टाक्यांतला एक महत्त्वाचा धागा म्हणजे डेस्मोग्लेन नावाचं प्रथिन. त्याचे दोन प्रकार इथे कामाचे. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्यतः तिसऱ्या क्रमांकाचं असतं, अंगाच्या कातडीत पहिल्या क्रमांकाचंही भरपूर असतं. पेम्फिगसमध्ये जंतूंशी लढण्यासाठी बनणारी प्रतिपिंडं चुकून याच धाग्याला चिकटतात आणि टाके उसवतात. बहुतेकांत आधी तिसऱ्याविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, म्हणून सुरुवात तोंडातून होते आणि महिनोन् महिने नुसतं "तोंड आलंय" असंच वाटत राहतं. पुढे पहिल्याविरुद्धही बनली की अंगावर फोड येतात. दसरा ते येळवस हा तुमच्याकडचा काळ अगदी नेहमीचा आहे. कुणाचा निष्काळजीपणा झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. मात्र ज्यांच्या घरी कुणाचं तोंड तीन-चार आठवडे उलटूनही बरं होत नाही, त्यांनी जीवनसत्त्वाची तिसरी पट्टी आणण्याआधी त्वचारोग विभाग किंवा दंत महाविद्यालय गाठावं.

टाके वरच्या थराच्या आतच उसवतात, त्यामुळे फोडाचं छत पातळ राहतं. फोड लिबलिबीत असतो, लवकर फुटतो आणि खाली ओली, लाल, आग होणारी जागा उरते. बऱ्याच रुग्णांच्या अंगावर फोड दिसतच नाही, नुसत्या अशा उघड्या जागा दिसतात. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटाने घासली तरी सरकते. ही खूण रशियन डॉक्टर निकोल्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. ती डॉक्टरांनाच पाहू द्या. घरी करून पाहिली तर एक जखम वाढते, एवढंच.

नागीण वेगळी कशी? नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. ती बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात येते, आधी ठणका मग बारीक फोड, आणि दोन-चार आठवड्यांत सुकते. ती सुकते म्हणूनच काव लावणाऱ्यांचं नाव होतं. दोन टोकं जुळली की माणूस जातो हे खरं नाही. छाती, पाठ, डोकं आणि तोंड असं दोन्ही बाजूंनी महिनोन् महिने चाललेलं दुखणं नागीण असत नाही. आणि उघड्या कातडीवर काव म्हणजे माती. तिच्यातून जंतू आत जातात.

याच्याच जवळचा आणखी एक आजार आहे, बुलस पेम्फिगॉइड. तो बहुधा साठी-सत्तरीनंतर होतो. त्यात खाज फार, फोड टणक आणि भरलेले, तोंडात मात्र कमी. तिथे वरचा अख्खा थर खालच्या थरापासून सुटतो, म्हणून फोडाचं छत जाड. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, त्याला निमित्त ठरू शकतात. दोन्हींची औषधं, त्यांचे डोस आणि पुढचा प्रवास वेगळा. म्हणून हे दोन आजार नक्की वेगळे ओळखायला तुमचा दुसरा तुकडा लागतो.

पहिला तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा असतो आणि फॉर्मलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवात जातो. सूक्ष्मदर्शकाखाली टाके कुठे उसवलेत ते त्यात दिसतं. दुसरा फोडाला लागून असलेल्या, पण चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून, साधारण एक सेंटिमीटरच्या आत घेतात. त्यावर चमकणारा रंग घालून प्रतिपिंडं खरंच चिकटलीत का ते पाहतात. पेम्फिगसमध्ये पेशींच्या कडाकडांनी मासे धरायच्या जाळ्यासारखी रेषा चमकते, पेम्फिगॉइडमध्ये थराखाली एकच सरळ पट्टी. ही तपासणी म्हणजे डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स. घोळ होतो तो नेण्यात. हा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की वाया गेला, पुन्हा टाका घ्यावा लागतो. तो मिशेल माध्यम नावाच्या द्रवात जातो. ते नसेल तर साध्या सलाईनमध्ये, पण मग २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. नमुना तुमच्या हाती देऊन बाहेर पाठवणार असतील तर बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या आणि शनिवारी दुपारी निघू नका. रक्तातल्या डेस्मोग्लेनच्या प्रतिपिंडांची एलायझा चाचणीही असते. परवडत असेल तर करावी, पुढे औषध कमी करताना तिचा आकडा उपयोगी पडतो.

गोळ्या किती दिवस, हा तुमचा खरा प्रश्न. फोड थांबणं आणि आजार थांबणं यांत महिन्यांचं अंतर असतं. गोळीने नवी प्रतिपिंडं बनणं मंदावतं, पण रक्तात फिरणारी संपायला वेळ लागतो. साधारण तीन आठवड्यांत ती निम्मी होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्मी. चौथ्या आठवड्यात आत्याबाईंची कातडी सुकलेली दिसत होती, आत उसवणारे हात शाबूत होते. औषध गेलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

म्हणून उतरण सावकाश असते. सुरुवात वजनाच्या किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोला २५ ते ५०, क्वचित जास्त. नवे फोड पूर्ण थांबून दोन आठवडे गेले आणि जुन्यांपैकी बहुतेक भरून आले की मगच कपात, साधारण दर दोन आठवड्यांना पाव हिस्सा. २० च्या खाली आल्यावर पावलं आणखी लहान, शेवटी अडीच-अडीच आणि मग एकेक मिलिग्रॅमची. मध्ये दोन-चार फोड आले तर डॉक्टर एक पायरी मागे जातात. हा हिशोब तुम्हाला समजावा म्हणून दिलाय. तुमच्या कागदावर डॉक्टर लिहितील तोच पाळायचा. वर्ष-दीड वर्ष लागेल असं धरून चला. नंतरही आजार उलटू शकतो, पण लवकर पकडला की थोडक्यात आटोपतो.

एकट्या स्टिरॉइडवर इतका काळ काढणं महाग पडतं, म्हणून सोबत दुसरं औषध देतात. आज पहिली पसंती रिटुक्सिमॅबला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींनाच ते तात्पुरतं हटवतं. एक ग्रॅमचं सलाईन, पंधरा दिवसांनी पुन्हा एक ग्रॅम. २०१७ साली फ्रान्समधल्या अभ्यासात दोन वर्षांनी सर्व औषधं बंद असूनही फोडमुक्त राहिलेले रुग्ण रिटुक्सिमॅब गटात ८९ टक्के होते, एकट्या स्टिरॉइडच्या गटात ३४ टक्के. २००७ पासून भारतीय बनावटीचं औषध मिळतं, त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरी शेतकरी घराला जडच. लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरच्या घाटीत शासकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात विचारा, आणि रेशनकार्ड, आधार व बायोप्सीचा कागद घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. हे अ‍ॅडमिट होण्याआधी करायचं, बिल हातात पडल्यावर नाही. एक अट सोडू देऊ नका: रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे. जुनी लपलेली कावीळ या औषधाने उसळते.

ते शक्य नसेल तर हताश होऊ नका. अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत. आणि डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइडची पल्स आहे, जी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात रुळवली आणि भारतातल्या हजारो पेम्फिगस रुग्णांनी घेतली. तीन दिवस रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचं सलाईन, त्यात एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. मधल्या काळात रोज सायक्लोफॉस्फामाइडचीच ५० मिलिग्रॅमची गोळी. त्या दिवसांत पाणी भरपूर प्यायचं. लघवी लाल दिसली तर लगेच सांगायचं. तरुण बायकांना हे देताना डॉक्टर कचरतात, कारण पाळी कायमची जाऊ शकते. आत्याबाईंच्या वयात तो अडसर नाही.

स्टिरॉइडचे खरे तोटे आता. साखर, रक्तदाब, हाडं, डोळे, जंतुसंसर्ग. गोळी सकाळी न्याहारीनंतर एकदमच घ्यायची. रात्री घेतली तर झोप उडते. साखर आणि रक्तदाब पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी तपासा, आणि साखर जेवणानंतरची पाहा, कारण या गोळीने उपाशीपोटीची बरेचदा चांगलीच येते आणि घरचे निश्चिंत राहतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून. हाडांसाठी आठवड्याची ७० मिलिग्रॅम अ‍ॅलेंड्रोनेट दिली असेल तर उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मात्र तोंड-घसा सोललेला असताना ती गोळी अन्ननलिकेला भाजते, तेव्हा डॉक्टरांना पर्याय विचारा. घरात कुणाला क्षयरोग असेल किंवा आत्याबाईंना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्वचेच्या डॉक्टरांना कळवा. रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन शरीरातून भराभर निघून जातं आणि तोच डोस अपुरा पडतो.

"प्रतिकारशक्ती वाढवणारं" काहीही देऊ नका. इथे तीच शक्ती घरच्यांवर उलटलेली आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला ऑटोइम्यून प्रकारची इजा झालेले रुग्ण भारतातच नोंदवले गेले. बिननावाच्या पुड्यांनी फोड झटकन सुकले तर बहुतेक वेळा पुडीत स्टिरॉइडच असतं, फक्त किती ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरच्या निगेत सगळ्यात मोठा शत्रू घासणं. कमरेची जागा बघा: परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथेच फोडांची रांग दिसेल. घट्ट ब्लाउजची बाही, काचेच्या बांगड्या, गळ्यातली पोत, सगळं तेच करतं. काही महिने सैल सुती गाऊन, आतून शिवण नसलेला किंवा उलटा घातलेला. वाकळेवर जुनं मऊ धोतर अंथरा, रोज बदला, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. अंग जास्त सोललेलं असेल तर केळीचं पान. पान धुऊन, पुसून, त्यावर पातळ व्हॅसलीन लावून अंथरायचं. ते चिकटत नाही, थंड राहतं, आणि भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतही भाजलेल्या व कातडी सोललेल्या रुग्णांना वापरतात. पान दिवसातून एकदा तरी बदला.

मोठा, तणावलेला फोड दुखत असेल तरच फोडायचा. मेडिकलमधून आणलेल्या नव्या सुईने, खालच्या कडेला एक भोक, पाणी गॉजने टिपून घ्यायचं. वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच सगळ्यात चांगली पट्टी. ओल्या जागेवर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याचा गॉज दहा मिनिटं. प्रमाण १० लिटरला एक ग्रॅम, पण घरी एवढं वजन जमत नाही, म्हणून रंग पाहा: फिका गुलाबी. जांभळा झाला तर भाजतं, आणि न विरघळलेला एक खडा जरी गॉजला लागला तर तिथे भोक पडतं. आधी तांब्यात पूर्ण विरघळवा, मग ते बादलीत ओता. जागा कोरडी टिपून व्हॅसलीन गॉज, वर साधं गॉज, वर गुंडाळपट्टी. चिकटपट्टी अंगाला कधीच लावायची नाही. सलाईनची सुई लावतानाही नर्सला सांगा, नाहीतर पट्टी काढताना कातडी सोबत येते. पट्टी अडकली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चमचा मीठ घालून ते ओता, दहा मिनिटं थांबा, मग सोडवा.

उन्हाळा तोंडावर आहे. घाम आणि ऊन दोन्ही फोडांना चिथावतात, म्हणून रानातलं काम यंदा नाही. कापसाच्या बोंडाची टोकं आणि फवारणी तर नाहीच.

या आजारात आज जीव जातो तो मुख्यतः जंतुसंसर्गाने. स्टिरॉइड चालू असताना ताप दबतो, म्हणून १००.४ फॅरनहाइटची वाट पाहू नका. थंडी वाजणं, पिवळा पू, वास, अचानक वाढलेला ठणका, भ्रमिष्टासारखं बोलणं, पाणीही न गिळता येणं, डोळे लाल होणं, काळं शौच, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय. बऱ्या होत आलेल्या जागेवर एकसारखे, टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले तर ते हर्पिस असू शकतं. त्याला स्टिरॉइड वाढवून चालत नाही, वेगळं औषध लागतं.

तोंडाकडे वळू. मिश्री पूर्ण बंद, हे आधी. बेटामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटं तोंडात घोळवून थुंकायची, गिळायची नाही, पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. दिवसातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील, बहुधा तीन-चार. जिभेवर पुसता येणारा पांढरा थर आला तर ती बुरशी, क्लोट्रिमॅझोलचं औषध लागेल. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कमी फेसाची पेस्ट. जेवणाआधी बर्फाचा खडा चघळला की चार घास जास्त जातात.

आणि घास जायलाच हवेत, कारण उघड्या कातडीतून प्रथिनं पाझरून जातात. ५० किलोला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम धरा. एक अंडं सहा ग्रॅम, पेलाभर दूध सात-आठ, वाटीभर घट्ट वरण साधारण तेवढंच. कडक भाकरीचे पापुद्रे हिरड्या सोलतात. भाकरी दुधात किंवा वरणात तासभर भिजवून कुस्करा, नाहीतर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवण्याऐवजी दुधात शिजवा. सगळं कोमट. लोणचं-पापडाचं मीठ आणि चहातली साखर कमी.

ठेच्याचं आत्याबाईंना खरं सांगा: कातडी आधी सुकते, तोंड सगळ्यात शेवटी. तोंडातली शेवटची जागा भरून सहा-आठ आठवडे गेले, गोळी निम्म्यावर आली, की विचार करू. लसूण-कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांवर पेम्फिगस चिथावण्याचा संशय आहे. पुरावा तोकडा आहे, त्यामुळे भाजीतला शिजलेला लसूण आम्ही बंद करायला सांगत नाही, पण ठेच्यात तो कच्चा आणि मूठभर असतो. सुरुवात बारीक कुटलेल्या शेंगदाण्याच्या बिनलसणाच्या चटणीने, तीही दह्यात कालवून. तीन दिवस काही झालं नाही तर चौथ्या दिवशी एक हिरवी मिरची, भाजून, बिया काढून.